सांध्यांचा भरवसा

लांबी कमीजास्त करता येणारा ट्रेकिंग पोल, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन किंवा तीन नळ्यांची, वर मूठ आणि खाली कठीण धातूची अणी असलेली डोंगरात वापरायची काठी, हे साधन दिसायला साधे असले तरी त्याच्या भरवशाचा प्रश्न जवळजवळ सगळाच एका जागी येऊन ठेपतो, आणि ती जागा म्हणजे नळीत नळी सरकते तो सांधा. दुकानात पोल निवडताना धातू कोणता, वजन किती, मूठ कॉर्कची की फोमची, यावर बराच खल होतो. सांधा कशामुळे धरतो आणि केव्हा धरेनासा होतो, हे मात्र सहसा विचारले जात नाही, आणि घाटवाटेच्या उतारावर पोल हातातल्या हातात आखूड होऊ लागला की मगच त्याकडे लक्ष जाते. सह्याद्रीत हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण बहुतेक नामांकित पोल आल्प्स किंवा रॉकी पर्वतांच्या परिसरातील कंपन्यांनी तिथल्या हवामानाच्या अनुभवातून घडवलेले असतात, तर महाराष्ट्रातल्या ट्रेकरांची गर्दी जून ते सप्टेंबर या काळात, म्हणजे नेमकी चिखलाच्या आणि ओल्या हवेच्या दिवसांत, डोंगरात असते.

काठीच्या आधाराने डोंगर चढणे जगात कुठेच नवे नाही. आल्प्समध्ये ‘आल्पेनस्टॉक’ या नावाची, टोकाला लोखंडी अणी बसवलेली लांबलचक लाकडी काठी पिढ्यान् पिढ्या वापरात होती, आणि ८ ऑगस्ट १७८६ रोजी जाक बाल्मा व मिशेल-गाब्रिएल पाकार हे दोघे माँ ब्लाँच्या शिखरावर पहिल्यांदा पोहोचले ते अशाच काठ्यांच्या बळावर. सह्याद्रीतला धनगर किंवा गडाखालच्या वाडीतला वाटाड्या आजही एकसंध काठीच वापरतो, आणि तिला सांधा नसल्यामुळे सांध्याचे कोणतेच दुखणे तिच्या वाट्याला येत नाही; मात्र ती एसटीच्या गर्दीत सांभाळणे अवघड, कातळटप्प्यावर दोन्ही हात मोकळे हवे असताना पाठपिशवीत खोचणे त्याहून अवघड. आजचा ट्रेकिंग पोल या काठीचा थेट वंशज नसून तो स्कीइंगच्या काठीपासून आला आहे. अमेरिकेतील आयडाहो राज्यात, सन व्हॅली येथे, एड स्कॉट यांनी १९५८ मध्ये निमुळत्या अ‍ॅल्युमिनियम नळीची स्की-काठी बाजारात आणली आणि बांबू व पोलाद यांची सद्दी संपवली. कार्ल लेनहार्ट यांनी १९४८ मध्ये जर्मनीत स्थापन केलेल्या लेकी या कंपनीने पुढे १९७४ मध्ये ‘मकालू’ नावाचा, लांबी बदलता येणारा पोल काढला. हिमालयातील शिखराचे नाव मिळालेल्या या पोलाने गिर्यारोहकाला सोय दिली, पण त्याचबरोबर, एकसंध काठीत कधीच नव्हता असा एक कच्चा दुवा त्याच्या हातात ठेवला.

लांबी बदलण्याची गरज का पडते, हे पाहिल्यावर त्या दुव्यावर केवढा भार येतो ते कळते. सपाटीवर पोलाची अणी पावलाशेजारी टेकवली असता कोपरात साधारण काटकोन व्हावा, असा सर्वमान्य ठोकताळा आहे, आणि त्यानुसार १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला सुमारे ११५ सेंटिमीटरचा पोल योग्य ठरतो. चढावर तो पाच-दहा सेंटिमीटर आखूड करायचा आणि उतारावर तितकाच लांबवायचा, म्हणजे पुढच्या खालच्या पायरीवर अणी टेकवताना कमरेत वाकावे लागत नाही. उतारावरचा उपयोग मोजलाही गेला आहे. साल्झबर्ग विद्यापीठातील हेरमान श्वामेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २५ अंशांच्या उतारावर चालताना पोलांमुळे गुडघ्याच्या सांध्यावरचे वेगवेगळे भार १२ ते २५ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले, आणि ग्लिन हावॅट्सन व सहकाऱ्यांनी वेल्समधील स्नोडन शिखरावर ३७ जणांना चढवून-उतरवून केलेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पोल वापरणाऱ्यांच्या स्नायूंची नंतरची दुखण कमी असल्याचे दिसले. याचा दुसरा अर्थ असा की गुडघ्यावरून उतरलेला भार पोलाच्या सांध्यांवर चढतो, आणि तोही अशा वेळी, जेव्हा पोल सर्वांत लांब केलेला असतो, नळीत नळीची वीण सर्वांत कमी उरलेली असते आणि चालणाऱ्याचा तोल पुढे गेलेला असतो. सांधा नेमका याच क्षणी सुटला, तर मिळणारी दुखापत पोल नसताना झाली असती त्याहून मोठी असू शकते, कारण विसंबलेले शरीर सावरायला वेळ मिळत नाही.

सांधा धरून ठेवण्याच्या पद्धती मुख्यत्वे दोन आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी घर्षणच आहे. जुनी पद्धत पिळाची, जिला दुकानात ‘ट्विस्ट लॉक’ म्हणतात. तिच्यात आतल्या नळीच्या वरच्या टोकाला एक आटे पाडलेला स्क्रू असतो आणि त्यावर चिरा पाडलेली प्लॅस्टिकची एक गुल्ली, म्हणजे एक्सपांडर, बसवलेली असते. भिंतीत ठोकलेला गट्टू स्क्रू आत जाताना जसा फुलतो तशीच ही गुल्ली आतला शंकू चढत गेला की फुलते आणि बाहेरच्या नळीच्या आतल्या भिंतीला आवळून बसते. पण इथे एक अडचण आहे, आणि पिळाच्या पोलाची बहुतेक दुखणी तिच्यातूनच निघतात. आतली नळी फिरवल्यावर स्क्रू फिरावा आणि एक्सपांडर मात्र जागीच थांबावा, तरच तो फुलणार. आणि तो जागी थांबण्यासाठी नळीच्या भिंतीशी त्याचे थोडे तरी घर्षण आधीपासूनच असावे लागते. भिंत ओली, मेणचट किंवा बारीक गाळाने माखलेली असली की एक्सपांडर नळीबरोबर नुसताच गरगर फिरत राहतो, आणि माणसाला वाटते की आटे गेले. प्रत्यक्षात आटे शाबूत असतात. पकड निर्माण करायला लागणारी पहिली पकडच हरवलेली असते.

अशा वेळी जोर लावून पिळत राहण्यात काही हशील नाही. नळी पूर्ण बाहेर ओढून काढावी, एक्सपांडर आणि नळीचा आतला भाग कोरड्या कापडाने पुसावा, एक्सपांडर बोटांनी दोन-तीन आटे फिरवून थोडा फुगवावा, म्हणजे तो नळीत शिरताना किंचित घासत जाईल, आणि मग नळी घालून पिळावी. बहुतेक वेळा पोल पुन्हा पहिल्यासारखा धरतो. उलट चूकही तितकीच सर्रास होते. एकदा निसटलेला पोल पुन्हा निसटू नये म्हणून दोन्ही हातांनी शक्तीनिशी पिळणारे लोक एक्सपांडरच्या चिरा रुंदावतात, प्लॅस्टिकला तडे पाडतात आणि शेवटी असा पोल घरी आणतात जो आता उघडतच नाही. मनगटाच्या साध्या जोराने घट्ट बसणारा सांधा तब्येतीचा समजावा. त्याहून अधिक जोर लागत असेल, तर दोष ताकदीत शोधण्याऐवजी नळीच्या आत शोधावा.

दुसरी पद्धत खटक्याची. अमेरिकेच्या युटा राज्यातील ब्लॅक डायमंड कंपनीने ‘फ्लिकलॉक’ या नावाने ती लोकप्रिय केली आणि आता जवळजवळ सगळेच उत्पादक ती आपापल्या नावाने वापरतात. यात बाहेरच्या नळीच्या तोंडाला उभी चीर असते, त्यावर एक कडे बसवलेले असते आणि कड्याला जोडलेला खटका मिटला की कडे आवळले जाऊन चिरलेली नळी आतल्या नळीला चिमटीत धरते. खटक्याच्या बुडाशी असलेला भाग कॅम, म्हणजे आसाच्या मध्यापासून मुद्दाम एका बाजूला सरकवलेला गोलाकार तुकडा, असल्यामुळे अंगठ्याच्या थोड्या जोरानेही मोठी आवळ मिळते, आणि ती किती मिळावी हे कड्यातील एका बारीक स्क्रूने किंवा चाकीने ठरवता येते. या रचनेचा मोठा गुण असा की सगळे काही नळीच्या बाहेर, डोळ्यांसमोर असते: चिखल दिसतो, तडा दिसतो, स्क्रू सैल झाल्याचे बोटाला कळते, आणि हातमोजे घालूनही काम होते. उणिवाही आहेत. चालण्याच्या सततच्या हादऱ्यांनी तो स्क्रू हळूहळू सैल होतो. कारवीच्या किंवा करवंदाच्या जाळीतून जाताना खटका फांदीत अडकून उघडतो. हलक्या प्लॅस्टिकचे कडे उन्हात ठिसूळ होऊन चिरते. खटका मिटताना अंगठ्यावर त्याची खूण उमटावी इतका तो ताठ असावा, असा एक व्यवहारी मापदंड सांगितला जातो. तेवढा ताठपणा नसेल तर स्क्रू पाव फेऱ्याने आवळावा, पुन्हा तपासावा आणि गरज वाटली तरच आणखी पाव फेरा द्यावा, कारण गरजेपेक्षा जास्त आवळलेल्या कड्याने पातळ नळी दबते, आणि ती कार्बनची असेल तर फुटते.

तिसरा प्रकार घडीच्या पोलांचा आहे. त्यात तुकडे एकमेकांत न सरकता आतून ओवलेल्या दोरीने तंबूच्या दांड्यासारखे जोडले जातात आणि एका बारीक बटणाने ताणलेले राहतात. तो हलका आणि झटपट उघडणारा असला, तरी त्याचे भवितव्य डोळ्यांआड असलेल्या एका दोरीवर आणि चिखलाने सहज अडकणाऱ्या एका बटणावर अवलंबून राहते, आणि दोरी डोंगरात बदलता येत नाही. पावसाळी सह्याद्रीसाठी तो सुचवणे कठीण आहे.

नळीच्या धातूकडे वळायचे तर चांगले अ‍ॅल्युमिनियम पोल बहुधा ७०७५ या क्रमांकाच्या मिश्रधातूचे असतात. जस्त, मॅग्नेशियम आणि तांबे मिसळून केलेला हा मिश्रधातू मूळचा विमानांसाठीचा. जपानच्या सुमितोमो कंपनीने १९३६ च्या सुमारास विकसित केलेल्या तशाच मिश्रधातूचा उपयोग झीरो या लढाऊ विमानात झाला आणि अमेरिकेच्या अल्कोआने ७०७५ हा मिश्रधातू १९४३ मध्ये आणला. त्याची ताकद सौम्य पोलादापेक्षा जास्त आणि वजन त्याच्या सुमारे एक तृतीयांश असते. अतिभार आल्यावर तो आधी वाकतो आणि मग मोडतो, हा डोंगरात फार मोलाचा स्वभाव आहे, कारण वाकलेल्या पोलावर मुक्काम गाठता येतो. मात्र तांब्याच्या अंशामुळे साध्या अ‍ॅल्युमिनियमपेक्षा तो ओलाव्याला लवकर बळी पडतो. अ‍ॅल्युमिनियमवर हवेत आपोआप तयार होणारा ऑक्साइडचा पातळ थर एरवी त्याचे रक्षण करतो. पण नळीत नळी घातलेल्या अरुंद फटीत पाणी साचून राहिले, आणि त्यात घामाचे किंवा कोकणातल्या खाऱ्या वाऱ्याचे मीठ मिसळले, की तो थर जागोजाग फुटतो आणि पांढरी, पिठासारखी भुकटी साठू लागते. ही भुकटी दुहेरी नुकसान करते: सुकी असताना ती नळ्या एकमेकींत घट्ट अडकवते आणि ओली झाल्यावर एक्सपांडरखाली सरकत राहून त्याला धरू देत नाही.

कार्बनच्या नळ्या, म्हणजे कार्बनचे धागे राळेत बसवून केलेल्या नळ्या, गंजत नाहीत आणि वजनाने आणखी हलक्या असतात, म्हणून त्यांना मागणी आहे. पण बेसाल्टच्या दोन दगडांमध्ये अणी अडकून नळीवर आडवा जोर आला की कार्बन पूर्वसूचना न देता मोडतो, आणि दगडावर घासून पडलेला एखादा खोल ओरखडा धागे तोडून गेला असेल तर तो पुढे केव्हा जिवावर येईल सांगता येत नाही. शिवाय कार्बन विजेचा वाहक आहे, त्यामुळे खारट ओलाव्यात त्याला टेकलेले अ‍ॅल्युमिनियमचे स्क्रू किंवा जोडभाग एकट्याने झिजले असते त्यापेक्षा लवकर झिजतात; समुद्राकाठच्या जंजिऱ्यांवर आणि किनाऱ्यालगतच्या वाटांवर कार्बनचा पोल नेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. एकूण पाहता सह्याद्रीच्या खडकाळ, अडचणीच्या वाटांसाठी बाहेरच्या धातूच्या खटक्याचा, अ‍ॅल्युमिनियमचा, तीन नळ्यांचा साधा पोलच अधिक शहाणपणाचा आहे, आणि नळीत स्प्रिंग बसवून धक्का शोषण्याची जी सोय जादा पैसे घेऊन दिली जाते ती टाळलेलीच बरी, कारण तिने हलणारे आणि ओल धरणारे भाग तेवढे वाढतात.

पावसाळ्यात सह्याद्रीचा चिखल पोलाच्या आत नेमके काय करतो, हे एखादा पोल उलगडून पाहिल्याशिवाय पटत नाही. राजगडाची किंवा हरिश्चंद्रगडाची ओली वाट उतरून आलेला, बाहेरून नळाखाली धुऊन चकाचक केलेला तीन नळ्यांचा पोल मोरीत उभा धरून त्याची खालची नळी थांबण्याच्या खुणेपलीकडे हलकेच फिरवत पूर्ण बाहेर ओढली, तर आधी तपकिरी पाण्याचे चार थेंब फरशीवर पडतात आणि मग दिसतो तो एक्सपांडर, ज्याच्या चारही चिरांमध्ये लाल मातीचा मेणासारखा मऊ गाळ ठासून बसलेला असतो. बोटांत चोळल्यावर तो गाळ खरखरीत लागत नाही, गुळगुळीत लागतो, आणि खरा धोका त्या गुळगुळीतपणातच आहे. मुरमाची खडी नळीला ओरखडे पाडते, पण जांभ्याची आणि काळ्या कातळाची झिजून झालेली ही चिकण माती ओली असताना वंगणाचे काम करते. बाहेरच्या नळीत उजेडाकडे तोंड करून पाहिले, तर एक्सपांडर ज्या पट्ट्यात नेहमी आवळला जातो तिथे एक काळसर चकाकणारे वलय आणि त्याखाली, पाणी साचते त्या ठिकाणी, पांढऱ्या भुकटीची कडा दिसते. नळी बाहेरून कितीही धुतली तरी या दोन गोष्टींपर्यंत पाणी पोहोचते आणि फडके पोहोचत नाही.

त्यामुळे निगेचा पहिला नियम असा की प्रत्येक पावसाळी ट्रेकनंतर पोल सांध्यांतून पूर्ण सुटा करावा. नळ्या साध्या पाण्याने, फार तर भांड्यांच्या पातळ साबणपाण्याने, धुऊन साबणाचा अंश राहणार नाही अशा खळखळून घ्याव्यात. आतून फिरवायला बाटली धुण्याचा लांब दांड्याचा ब्रश पुरतो. एक्सपांडरच्या चिरा जुन्या दातांच्या ब्रशने मोकळ्या कराव्यात. पांढरी भुकटी जमली असेल तर ती भांडी घासायच्या हिरव्या मऊ घासणीने हलक्या हाताने काढावी, पण पॉलिश पेपरने आतली भिंत खरवडू नये, कारण खोल ओरखड्यांत पुढचा ओलावा अधिकच मुरतो. मग नळ्या सुट्याच वाळत ठेवाव्यात, आणि त्याही अणीचे टोक वर व उघडे तोंड खाली करून, कारण सर्वांत खालची नळी अणीकडे बंद असते आणि उलटी उभी केली तर तिच्यातले पाणी तिच्यातच राहते. उत्पादकांच्या पत्रकात बहुधा रात्रभर वाळवण्याचा सल्ला असतो. पण ज्या दिवसांत दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत त्या दिवसांत मुंबई-पुण्यातल्या घरात नळीच्या आतली ओल एका रात्रीत जाईल अशी अपेक्षा व्यर्थ आहे. दोन-तीन दिवस पंख्याखाली सुटे ठेवणे आणि पुढच्या ट्रेकच्या आदल्या दिवशीच जोडणे, हाच इथला व्यवहार्य मार्ग. कडक उन्हात किंवा गरम हवेच्या झोतात मात्र वाळवू नयेत, कारण त्याने प्लॅस्टिकचे भाग आणि मुठीचा फोम दोन्ही खराब होतात.

यातला सर्वांत महत्त्वाचा निषेध तेलाचा आहे. सायकलची साखळी, दाराची बिजागरी, शिवणयंत्र, जे काही अडकते त्याला तेल द्यायचे ही घरोघरची सवय इतकी पक्की असते की पोल अडकला की हात आपसूक तेलाच्या डबीकडे किंवा गंज सोडवणाऱ्या फवाऱ्याकडे जातो. ट्रेकिंग पोलाच्या सांध्यात घातलेले तेल म्हणजे त्याच्या एकमेव आधारावरच घाव घालणे होय. घर्षण हेच जिथे कुलूप आहे तिथे वंगण ही चावी ठरते, आणि एकदा नळीत शिरलेले तेल साबणाने दोन-तीनदा धुतल्याशिवाय निघत नाही. खटक्याच्या कॅमच्या आसावर, नळीला अजिबात न लागता, एखादा थेंब देणे निराळे. तेही गरज असेल तरच.

सांधा अडकलाच, तर तेलाऐवजी पकड वाढवणारी कोणतीही गोष्ट उपयोगी पडते. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे सांध्याच्या वर आणि खाली गुंडाळून दोन माणसांनी उलटसुलट दिशांना पिळले, तर हाताला न सुटणारे सांधे बहुधा सुटतात. पोल काही तास फ्रिजमध्ये ठेवण्याचा उपायही वायफळ नाही, कारण तापमान उतरल्यावर नायलॉनसारखे प्लॅस्टिक अ‍ॅल्युमिनियमच्या तीन-चार पट आकसते आणि एक्सपांडरची आवळ किंचित ढिली पडते. हीच गोष्ट हिमालयात उलट अनुभवाला येते. रात्री उबदार लॉजमध्ये जेवणाच्या टेबलाशेजारी आवळून ठेवलेला पिळाचा पोल पहाटे शून्याखालच्या हवेत खिंडीकडे निघाल्यावर सैल लागू शकतो. आकसण्याचे माप मिलिमीटरच्या काही शतांशांएवढेच असले तरी आवळही तेवढ्याच बारीक मापावर टिकलेली असते. म्हणून थंड प्रदेशात पोल बाहेर येऊन, हवेचे तापमान घेतल्यावर पुन्हा एकदा आवळावा. सांध्यात पाणी राहिले असेल तर तिथे त्याचा बर्फ होतो आणि पोल मुक्कामी पोहोचेपर्यंत ना उघडतो ना मिटतो, हा कोरडेपणाच्या आग्रहामागचा आणखी एक हिशेब.

नळीवर सेंटिमीटरच्या आकड्यांबरोबर कोरलेली थांबण्याची खूण अनेकांना सूचनावजा वाटते. ती मर्यादा आहे. त्या खुणेपलीकडे नळी ओढली की आतल्या-बाहेरच्या नळीची वीण इतकी कमी होते की आडवा जोर आल्यास सांध्याच्या तोंडाशीच नळी फाटते किंवा मुडपते. उंच माणसाला खुणेपर्यंत जाऊनही पोल अपुरा पडत असेल, तर त्याने मोठ्या लांबीचा पोल घ्यावा. तीन नळ्यांच्या पोलात रोजच्या वापरात खालचा सांधा एकाच मापावर कायम ठेवून चढ-उताराचा बदल वरच्या सांध्यावर करावा, म्हणजे चिखलाजवळचा सांधा वारंवार उघडला जात नाही.

अणीकडे सांध्याइतके लक्ष द्यावे लागत नाही. टंगस्टन कार्बाइड या अतिकठीण पदार्थाची ती बारीक अणी कातळावर वर्षानुवर्षे टिकते, आणि तिला धरणारा प्लॅस्टिकचा भाग मुद्दामच नळीपेक्षा कमजोर केलेला असतो, म्हणजे फटीत अडकून जोर आला तर तो तुटावा आणि नळी वाचावी. तो स्वस्त असतो आणि बदलता येतो. अणीवर घालायची रबरी टोपी मात्र विचारपूर्वक वापरावी लागते: ओल्या, शेवाळलेल्या कातळावर झिजलेले रबर घसरते, तिथे उघडी अणीच हवी, पण गडावरच्या बांधीव पायऱ्यांवर, तटबंदीवर आणि मंदिरांच्या फरसबंदीवर टोपी चढवणे हे कर्तव्य मानले पाहिजे. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत रायगड, राजगड, साल्हेर, लोहगड, प्रतापगड यांसारखे ट्रेकरांचे नित्याचे गड आहेत, आणि गर्दीच्या प्रत्येक रविवारी शेकडो पोलादासारख्या कठीण अण्या त्याच त्या पायऱ्यांवर आपटत राहाव्यात, हे त्या दगडांवर अन्याय करणारे आहे.

डोंगरात तपासणीसाठी फार वेळ लागत नाही. उतार सुरू होण्यापूर्वी सपाट जागी पोल पायाजवळ टेकवून, तोल जाणार नाही अशा बेताने, त्याच्यावर निम्मे-अधिक वजन टाकून पाहावे. नळीवरचा आकडा हलला नाही तर सांधा धरतो आहे. एखादा सांधा तिथेच निकामी झाला, तर पोल योग्य लांबीवर ठेवून सांध्याच्या खाली-वर चिकटपट्टीचे घट्ट वेढे द्यावेत, आणि त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे पाण्याचा पाइप आवळायची स्क्रूची लोखंडी क्लिप आतल्या नळीवर, बाहेरच्या नळीच्या तोंडाला टेकेल अशी बसवावी, म्हणजे पोल त्या लांबीवर अडून राहतो. ही क्लिप हार्डवेअरच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळते आणि चिकटपट्टी पोलाच्याच मुठीखाली गुंडाळून नेता येते. मनगटपट्ट्याचाही विचार इथेच करायला हवा: हात खालून वर घालून पट्टा पकडला तर भार पट्ट्यावर जातो आणि मूठ आवळावी लागत नाही; पण घसाऱ्याच्या वाटेवर, कातळटप्प्यावर किंवा हिमस्खलनाचा धोका असलेल्या बर्फावर हात पट्ट्यातून मोकळे असावेत, कारण पडताना हातात अडकलेला पोल मनगट मोडू शकतो. पोल हा तोलाला मदत करणारा आधार आहे. पूर्ण शरीराचा भार झेलण्यासाठी तो बनवलेलाच नसतो, आणि सतत त्याच्यावर विसंबून चालल्यास स्वतःचा तोल सावरण्याची सवय मंदावते, असा इशारा आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या वैद्यकीय मंडळानेही दिलेला आहे.

खरेदीच्या वेळी विचारायचा सर्वांत उपयुक्त प्रश्न असा की या पोलाचे एक्सपांडर, अणी, अणीच्या वर बसणाऱ्या चकत्या आणि कडी सुटी मिळतात का. परदेशी कंपन्या हे सुटे भाग विकतात, पण इथली बरीच दुकाने फक्त पूर्ण पोल ठेवतात, आणि मग काही रुपयांच्या प्लॅस्टिक गुल्लीपायी धडधाकट नळ्यांचा पोल माळ्यावर जाऊन पडतो. सुटे भाग न ठेवणाऱ्या दुकानातून दोन महागडे पोल घेण्यापेक्षा सुटे भाग देणाऱ्याकडून साधे पोल घेणे केव्हाही चांगले. लेह, मनाली, नामचे येथे भाड्याने मिळणाऱ्या पोलांबाबत तर सांधे उलगडून पाहण्याचा आणि वजन टाकून पाहण्याचा आग्रह संकोच न करता धरावा, कारण ते पोल कितीजणांच्या हातून गेले आहेत आणि कधी वाळवले गेले आहेत याची नोंद कुठेही नसते. नळी वाकली असेल तर ती गुडघ्यावर सरळ करून पुन्हा वापरू नये. सरळ दिसणारी ती नळी त्याच जागी पुन्हा आणि अधिक सहज मुडपते. कार्बनच्या नळीवर नाण्याने हलकेच ठोकत गेले असता एखाद्या जागी खणखणीत आवाज बदलून बोदा येत असेल, तर आतले थर सुटल्याची ती खूण मानून ती नळी बाद करावी. बाद पोलाचे उरलेले भाग मात्र टाकू नयेत: खालच्या, मधल्या आणि वरच्या नळीचे व्यास अनेक पोलांत अनुक्रमे १४, १६ आणि १८ मिलिमीटर असतात, आणि व्यास व खटक्याची जात जुळली तर एका पोलाची खालची नळी, अणी किंवा एक्सपांडर दुसऱ्याला बसतो, ज्यामुळे एकाच कंपनीचे दोन जुने पोल मिळून आणखी काही हंगाम चालणारा एक पोल घरच्या घरी तयार होऊ शकतो.